सायलेन्सरची जाळी

२७ फेब्रुवारी

ही वही रंजितानं दिली. आशा वर्करच्या मीटिंगमध्ये तिला मिळालेली, वर छोट्या कुटुंबाचं चित्र आहे. म्हणाली, "चार दिस झाले, जेवताना वाघ, निजताना वाघ. माझे कान किटले बापा. आता मले नका सांगू, याच्यात लिहा." नवऱ्याची भीती वहीत कोंबून टाकायची ही बायकोची युक्ती. असो, लिहितो.

रविवारी पहाटे पाचला नेहमीप्रमाणे निघालो. गावापासून कुडव्याच्या राईस मिलपर्यंत गाडीनं तासाभराची वाट, त्यातली पहिली सहा किलोमीटर जंगलातून. बेहड्याच्या झाडापाशी वळण आहे, त्या मोडीवर हेडलाइटमध्ये तो आडवा उभा होता. रस्ता त्याला पुरत नव्हता. मी ब्रेक दाबला, क्लच दाबायचं राहिलं आणि गाडी बंद पडली. माझी गाडी जुनी. इंजिन बंद की दिवाही बंद.

अंधारात किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. किक मारायला पाय उचलेना. खरी भीती दिसण्याची नव्हती, ऐकू न येण्याची होती. सगळीकडे सागाची वाळली पानं पडलेली, आणि एक पान वाजलं नाही. गाडी चालू झाली तेव्हा रस्ता मोकळा होता. तो कधी गेला, कुठून गेला, माझ्या किती जवळून गेला, काहीच कळलं नाही.

पॅन्ट ओली झाली होती. रंजिताला सांगितलं नाही. नाल्यात पाय घसरला म्हणालो. मिलमध्ये दिवसभर ओल्या पॅन्टला कोंडा चिकटत होता.

४ मार्च

आठवडाभर पक्क्या सडकेनं, तिरोड्यावरून जातो आहे. लांब पडतं. रोज उशीर, रोज मुकादमाची बोलणी. आज म्हणाला, "शेर सिर्फ तेरे ही गाँव में है क्या?"

माय हसते मला. माय म्हणजे रुक्माबाई. बासष्ट वर्षांची आहे, आणि आमच्या मोहल्ल्यातल्या बाया जंगलात जायच्या झाल्या तर तिच्याच मागून जातात. तिची एक रीत आहे. जंगल सुरू होतं तिथं पहिल्या मोहाखाली ती उभी राहते आणि उजवा हात वर करते. हात वर असेपर्यंत कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही. ती ऐकते. वानर कुठं आहेत, खाकरतात का, चितळ ओरडतं का. वाघ दिसला की आधी तेच ओरडतात. हात खाली आला की चला. लहानपणी मीही तिच्या लुगड्याला धरून असा उभा राहिलो आहे. मला डासांशिवाय काही ऐकू यायचं नाही. माय म्हणायची, "आपले डोये पुढंच राह्यते. कान चारी बाजूनं राह्यते."

८ मार्च

शेजारच्या गावचा एक म्हातारा सरपणाला गेला तो आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची कुऱ्हाड सापडली, मग बाकीचं सापडलं.

आज समाजमंदिरासमोर फॉरेस्ट गार्ड खेमराजनं सभा घेतली. एकट्यानं जंगलात जायचं नाही, खाली वाकून बसायचं नाही, आणि जाताना आवाज करत जायचं. डबे वाजवा, बोलत जा, गाणी म्हणा. वाघ आवाजाला टाळतो, म्हणाला.

मायनं मध्येच विचारलं, "आमीच आवाज करत गेलो तं गार्डसाहेब, त्याचा आवाज आमाले कसा आयकू येईल?"

सगळे हसले. खेमराजही हसला. मीही हसलो. पण खेमराजचं एक वाक्य मात्र डोक्यात बसलं: वाघ आवाजाला टाळतो. माझी गाडी तर नुसती कुजबुजते.

११ मार्च

केलं एकदाचं. मिल सुटल्यावर कुडव्याच्या टिंकूकडे गेलो. त्याच्या दुकानासमोर कॉलेजच्या पोरांच्या गाड्या नेहमी रांगेत लागलेल्या असतात. सगळ्यांना फटफटाट हवा.

"शादी में जाना है क्या, भैया?" त्यानं विचारलं.

"वाघ भगवायचा आहे."

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग पोट धरून हसला. "लडकियों के लिए करवाते हैं लोग, शेर के लिए पहला कस्टमर देख रहा हूँ." पण काम मनापासून केलं. सायलेन्सर उतरवला, मागच्या बाजूनं कटर लावला आणि आतली जाळी ओढून काढली. हातभर लांबीची भोकाभोकांची नळी, काजळीनं काळी. एवढीशी वस्तू इतक्या वर्षांपासून आवाज गिळत बसली होती. तोंड परत वेल्डिंग केलं, कार्बोरेटर थोडा फिरवला. पोलीस धरेल, चालान होईल, सायलेन्सर जप्तही करतील असं दोनदा बजावलं. जाळी कागदात गुंडाळून दिली, "संभाल के रखना, कभी वापस लगाना पड़े."

किक मारली आणि समोरच्या पानठेल्यावरचा माणूस शिवी देत उठला. माझ्या छातीत ते धडधडत होतं. खरं सांगतो, पंधरा दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

१२ मार्च

काल घरी पोचलो तेव्हा मोहल्ल्यातले कुत्रे कोंबड्या एक झाले. माय अंगणात कानात बोटं घालून उभी. "हे गाडी होय का थ्रेशर?"

जाळी पाहून म्हणाली, "हे काऊन काढलं? कंपनीवाल्यानं उगाच टाकली होती का?"

आज पहाटे जंगलातून गेलो. बेहड्याच्या मोडीआधी अर्धा किलोमीटरपासून रेस देत होतो. मूठ सोडली की मागून फटाका फुटल्यासारखा आवाज येतो, तोही मुद्दाम दोनदा काढला. मोड गेली, नाला गेला, काही नाही. मिलला वेळेवर पोचलो. मुकादम म्हणाला, "आया रे, टायगर."

१९ मार्च

भीती गेली असं लिहीन म्हणून वही उघडली. गेली नाही. कमी झाली आहे. गाडीवर असतो तोवर नसते, उतरलो की परत येते. संडासला जायलाही गाडी नेता आली असती तर बरं, असं रंजिता म्हणाली. जीभ फार चालते तिची.

आज संध्याकाळी येताना खेमराज मोडीवर बसलेला दिसला. धुळीत वाघाचे पाय उमटलेले, त्याभोवती दगड ठेवून मोजत होता. माझ्या सकाळच्या चाकाच्या पट्ट्यावर बरोब्बर वाघाचा पंजा होता. म्हणजे मी गेल्यावर तो आला. एक नाही, ओळीनं दहा-बारा, माझ्याच पट्ट्यावरून.

मला बरं वाटलं. म्हणजे मी जाईपर्यंत तो लपून बसतो आणि मी गेल्यावरच बाहेर पडतो. खेमराजला तसं म्हटलं. त्यानं पंजांकडे आणि मग मी आलो त्या वाटेकडे बघितलं. "रोज एकाच टायमाले जाऊन राहिले का तुमी?" एवढंच त्यानं विचारलं.

घरी सांगितलं तर माय म्हणाली, "तो लपून नाही राहिला, बाबू. तुह्या मागं येऊन राहिला." म्हाताऱ्या माणसांना भीती घालायला आवडतं.

२३ मार्च

मोह पडायला लागला. पण बाया घरात. झाडं तर वाटलेली, ज्याचं त्याच्याकडं. फुलं खाली पडून जनावरं खातात आणि बाया दारातून जंगलाकडं बघत बसतात.

आज शेजारची सुशिलाबाई आली. सोबत अजून चार जणी. तिनं पदर कमरेला खोचला होता, म्हणजे ठरवूनच आलेली. "राजूभाऊ, तुमी गाडी घेऊन चला ना आमच्यासंगं. तुमी तिथं गाडी वाजवत राहा, आमी येचत राहतो. तुमच्या गाडीले वाघ भेते."

मला कोणी आजवर कशाला बोलावलं नव्हतं. लग्नातसुद्धा मला पाणी वाढायला ठेवतात. मुकादमाला सांगून आठची पाळी करून घेतली आहे. उद्यापासून पहाटे बाया पुढं, मी मागं गाडीवर.

वहीत खोटं कशाला लिहू? मनातून हादरलो आहे. त्या मला बघून धीर धरतात आणि मी गाडीला बघून.

२५ मार्च

दोन दिवस झाले, नीट चाललं आहे. मोहाच्या झाडांमध्ये बैलगाडीची गाडवाट आहे, तिथं गाडी स्टँडवर लावतो आणि चालू ठेवतो. दर दोन-चार मिनिटांनी रेस. बाया चारी बाजूंनी वाकून फुलं वेचतात. टोपल्या भरून आल्या. सुशिलाबाईनं मला भाकर आणि अंबाडीची भाजी बांधून आणली होती.

माय पण येते. पहिल्या मोहाखाली आजही उभी राहिली, हात वर केला. पण मागून माझी गाडी चालूच होती आणि बाया थांबल्याच नाहीत, तिच्या बाजूनं पुढं निघून गेल्या. ती थोडा वेळ हात वर ठेवून एकटीच उभी होती.

संध्याकाळी मला म्हणाली, "मोह पडते तं टपटप आयकू येते. कोनतं झाड पडून राहिलं ते कानानंच समजते. तुह्या गाडीपायी मले काईच समजून नाही राहिलं."

मी म्हटलं, "वाघ आला तं मोह कोन खाईल?"

ती उठून आत गेली. तिला काय झालं ते मला कळतं. इतकी वर्षं बाया तिच्या मागं जायच्या. आता माझ्या गाडीमागं जातात. मनाला लागणारच.

२९ मार्च

आजची गंमत. नाल्याच्या बाजूच्या अर्जुनाच्या झाडावर वानरांचा कळप होता. मी रेस देत होतो आणि ते वेड्यासारखे फांद्यांवरून उड्या मारत होते. फांद्या गदागदा हलवत होते, तोंडं वासलेली. गाडीला एवढे घाबरले! आवाज काही ऐकू आला नाही, नुसतं सिनेमा मुका झाल्यासारखं. नवल म्हणजे गाडीला घाबरले होते, पण गाडीकडं एकाचंही तोंड नव्हतं. सगळे खाली नाल्यात बघत होते.

बायांना दाखवलं. त्याही हसल्या. माय हसली नाही. तिनं टोपली अर्धीच ठेवली आणि माझ्याजवळ येऊन किल्लीवर हात ठेवला. मी तिचा हात बाजूला केला. हळूच केला, पण सगळ्यांसमोर केला.

गाडी बंद केली की दोन्ही कानांत शिट्टी वाजत राहते. कुकरची शिट्टी थांबायची असते, ही थांबत नाही. रंजिता म्हणते मी घरात मोठ्यानं बोलतो. मिलमध्ये सगळेच मोठ्यानं बोलतात.

२ एप्रिल

मायशी भांडण झालं. सकाळी पहिल्या मोहाखाली तिनं परत हात वर केला आणि या वेळी वाटेत आडवी उभी राहिली. म्हणाली, "एक घडीभर बंद कर. एकच घडी. मंग वाजव दिवसभर."

बाया थांबल्या होत्या. माझ्याकडं बघत होत्या. गाडी बंद केली असती तर ती शांतता आली असती, बेहड्याच्या मोडीवरची. एक पानही न वाजणारी. ती मला सहन होत नाही, हे पाच बायांसमोर कसं सांगू? म्हणून ओरडलो. म्हटलं, "तुह्या कानानं वाघ पळते का? मंग घरी बस." माझ्या आवाजात मिलचा मुकादम होता.

ती बाजूला झाली. नंतर आमचा घोळका सोडून नाल्यापलीकडच्या तिच्या जुन्या झाडाखाली एकटीच गेली. तिथं आवाज कमी पोचतो म्हणे. एकटं जाऊ नये असं खेमराजनं सांगितलं आहे, मला माहीत आहे. उद्या तिची समजूत काढीन.

४ एप्रिल

समजूत काढली नाही. आजही ती पलीकडेच गेली. दोन वेळा मान उंचावून बघितलं, तिचं पांढरं लुगडं दिसत होतं. दिसेनासं झालं की टाचा उंचावतो. मग रेस देतो. तिच्यापर्यंत आवाज पोचावा म्हणून जास्तच देतो.

९ एप्रिल, नागपूर

दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बसून लिहितो आहे. रंजितानं कपड्यांसोबत ही वही पिशवीत टाकली. पेन तिचंच आहे.

शनिवारी, ५ तारखेला, झालं. जमेल तेवढं नीट लिहितो.

उजाडलं होतं. मी गाडवाटेवर गाडीजवळ होतो. सुशिलाबाई नाल्याच्या काठाला सगळ्यात जवळ, पाठ नाल्याकडे, वाकलेली. बाकीच्या इकडे. अर्जुनावर वानरं परत नाचत होती. तेवढ्यात माय नाल्यातून वर आली. धावत. मी मायला धावताना कधी पाहिलं नव्हतं. टोपली नव्हती, डोक्यावर पदर नव्हता, उजवा हात वर. तोंड उघडं. मी रेस देत होतोच. ती सुशिलाबाईपाशी पोचली, तिला ढकललं, आणि तिच्या मागच्या झुडपातून पिवळं काहीतरी निघालं. उडी मारताना दिसलंच नाही. आधी झुडपात होतं, मग मायवर होतं.

माझी मूठ सुटेना. घट्ट आवळलेली, गाडी नुसती किंचाळत होती. मी पळालो नाही. पुढंही गेलो नाही. तो मायला टाकून नाल्यात उतरून गेला.

मग कोणीतरी किल्ली फिरवली. मी नाही, सुशिलाबाईनं. आणि एकदम सगळं ऐकू आलं. वानर खाकरत होते, सगळं झाड खाकरत होतं. बाया रडत होत्या. माय म्हणत होती, "पोरी वाचल्या का?"

उजवा हात कोपराच्या वरून काढला. खांद्याला टाके आहेत. डॉक्टर म्हणाले वाचेल. पुढच्या तीन दिवसांवर आहे म्हणाले.

११ एप्रिल

ताप आहे. रात्री बडबडत होती. वानरांची गोष्ट, मोहाची गोष्ट. मी कान तिच्या तोंडाजवळ नेतो, तरी अर्धं शिट्टीतच जातं. ती गेली तर काय करू? बत्तीस वर्षांचा आहे मी, आणि मनात सारखा एकच विचार येतो, माय पाहिजे.

१४ एप्रिल

दवाखान्याच्या खिडकीखालून जयंतीची मिरवणूक गेली. निळे झेंडे दिसले, डीजे लागला होता. मायचा ताप उतरला आहे. तिनं उजवा हात कपाळाला लावायला उचलला आणि तो नाही हे तिला परत आठवलं. मग डावा जोडला, अर्धाच नमस्कार.

मी बाहेर जाऊन जिन्यात रडलो.

२१ एप्रिल

आज साहेब लोक आले होते जबाब घ्यायला. सोबत खेमराज, आणि एक बातमीवाला. माय आता सांगेल असं वाटलं. सांगायलाच पाहिजे होतं तिनं.

साहेबांनी विचारलं, "आजी, वाघानं तुम्हाला सोडलं कसं?"

माय म्हणाली, "माह्या पोराच्या गाडीनं. त्यानं रेस देल्ली, आवाजाले वाघ भेला, पळाला. नाही तं मी कायची वाचतो."

बातमीवाल्यानं माझा फोटो काढला. खेमराज मान खाली घालून लिहीत होता.

९ तारखेला मी एक गोष्ट लिहिली नाही. रेस देत होतोच असं लिहिलं, ते खोटं आहे. रेस मी तेव्हा नव्हतो देत. माय हात वर करून नाल्यातून वर येताना दिसली. तो हात मला माहीत आहे, मी चार वर्षांचा असल्यापासून माहीत आहे. मला वाटलं आली परत, सगळ्यांसमोर गाडी बंद करायला सांगायला आली. म्हणून तिच्याकडे बघत बघत मूठ पूर्ण पिळली. तिचं तोंड बंद करायला पिळली. ती ओरडत होती ते सुशिलाबाईसाठी होतं.

ती पलीकडे होती. तिनं वानरं ऐकली होती. ती तिथंच झाडाला पाठ लावून उभी राहिली असती तर तिला काही झालं नसतं. तिला माहीत होतं की आम्हाला ऐकू येत नाही. म्हणून आली.

१२ मे

बुद्धपौर्णिमेला मायला घरी आणलं. सगळा मोहल्ला दारात. सुशिलाबाई तिच्या पायांवर डोकं ठेवून हलेना. बाया खीर घेऊन आल्या होत्या.

सरपंच म्हणाले, येत्या रविवारी ग्रामपंचायतीसमोर राजदीपचा, म्हणजे माझा, सत्कार. शाल, श्रीफळ. वाघ पळवणारा माणूस. मी नको म्हटलं तर लाजतो असं वाटलं त्यांना.

रात्री मायला विचारलं, "खोटं काऊन बोलली?"

"खोटं कायचं? गेला ना तो आवाजानं?"

"माय."

ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तुले याच गावात राहायचं आहे, बाबू. माह्या मागं."

१६ मे

घरभर जाळी शोधली. जिथं ठेवली होती तिथं नव्हती. शेवटी मायच्या पेटीत सापडली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली. काजळी घासून काढलेली, चकचकीत. मार्चमध्येच घासून ठेवली असणार, दोन हात असताना. "लागंल म्हनलं तुले," ती म्हणाली.

कुडव्याला टिंकूकडे नेली. बातमी त्यानं वाचली होती, दुकानात कात्रण चिकटवलं होतं. जाळी परत बसव म्हटल्यावर तो हसायला लागला, मग माझं तोंड बघून थांबला. काही न विचारता कटर घेतला.

१८ मे

सत्कार झाला. शाल पांघरली, नारळ दिला. दोनशे माणूस असेल. मग सरपंच माइकवर म्हणाले, "एकदा तो आवाज होऊन जाऊ द्या!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेकरांनी आधीच कानात बोटं घातली.

मी किक मारली. गाडी चालू झाली की नाही हे पहिल्या रांगेलाही कळलं नाही.

"आवाज कुठं गेला, भाऊ?" कोणीतरी ओरडलं. हसणं सुरू झालं.

माइक कधी हातात घेतला आठवत नाही. म्हटलं, "माय ओरडत होती. हात वर करून ओरडत होती. मला दिसत होतं आणि मी रेस दिली. तिनं तुमच्या बाया वाचवल्या, मी नाही." अजून म्हटलं, "फेब्रुवारीत वाघ दिसला तेव्हा माझी पॅन्ट ओली झाली होती." ते कशाला सांगितलं कोण जाणे. रंजितानं डोळ्यांना पदर लावला. कोणी हसलं नाही, कोणी टाळीही वाजवली नाही. मी शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि गाडी ढकलत घरी आणली.

मायला सगळं आधीच कळलं होतं. माझ्याशी बोलली नाही. जेवलीही नाही.

२० मे

पहाटे मायनं उठवलं. दोन दिवसांनी पहिलं वाक्य बोलली. "चाल. टोया पडून राहिल्या असंल." टोया म्हणजे मोहाची फळं, फुलं गेल्यावर येतात.

मी म्हटलं, तो अजून जंगलातच आहे. खेमराज कालच सांगून गेला. "मंग? मोहही तिथंच आहे," ती म्हणाली.

गाडी नेली नाही. दारातून निघालो तेव्हा सुशिलाबाई पदर खोचून उभीच होती, मागं अजून तिघी. माझ्याकडं कोणी बघितलं नाही. सगळ्या मायच्या मागं लागल्या. मीही लागलो, सगळ्यात शेवटी. पॅन्ट कोरडी आहे का ते दोनदा बघितलं.

पहिल्या मोहाखाली माय थांबली. उजवा खांदा थोडा उचलला गेला, मग तिनं डावा हात वर केला. बाया थांबल्या.

मी ऐकायचा प्रयत्न केला. श्वास धरला, डोळे मिटले. माझ्या कानांत ती शिट्टी वाजत होती, दुसरं काही नाही. वानर खाकरत होते की नव्हते, मला सांगता येणार नाही. डोळे उघडले आणि मायच्या हाताकडे बघत राहिलो. तो खाली येईपर्यंत हललो नाही.